ओसाड जागांचा वाटाड्या

"इथंबी कुणी न्हाई," महारुद्र म्हणाला आणि त्यानं जिनिंगच्या गंजक्या दारावर हात आपटला. आतली कबुतरं फडफडत उडाली.

सिद्धोधननं मोबाइल खिशात घातला. "मी म्हणलो व्हतो की. पण तुमचा जीव राहिना."

मानवतच्या अलीकडचं हे कापसाचं जिनिंग बंद पडून जमाना झाला होता. परभणीच्या आसपास अशा ओसाड जागा कुठं कुठं आहेत, कुठल्या कुंपणाला भगदाड आहे, कुठल्या छताखाली चुकूनही उभं राहायचं नाही, हे सिद्धोधनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचे व्हिडिओ काढून नेटवर टाकायचा त्याला भलता नाद. लोक त्याला येडं म्हणायचे आणि व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत बघायचे.

तो नाद ऐकूनच महारुद्र त्याच्याकडं आला होता. त्याची बहीण सृष्टी पप्पूबरोबर पळून गेली होती. पोरगी मोठ्या शेतीवाडीच्या हिंदू घरातली, पोरगा भीमनगरचा, बौद्ध घरातला. लग्न करून दोघं कुठल्यातरी पडक्या इमारतीत लपलीत, एवढंच महारुद्रच्या कानावर आलं होतं. पप्पू हा सिद्धोधनचा जिवाचा दोस्त, हे त्याला माहीत नव्हतं. निदान सिद्धोधनला तरी तसं वाटत होतं.

आणि दोघं कुठं आहेत, हे सिद्धोधनला पक्कं ठाऊक होतं. जागा त्यानंच तर शोधून दिली होती! म्हणूनच तो या माणसाला नेमक्या रिकाम्या इमारती दाखवत उन्हातान्हात फिरवत होता. झरीकडची ओस पोल्ट्री झाली, रस्त्याकडचं गोदाम झालं, आता हे जिनिंग. फिरून फिरून कंटाळेल आणि जाईल घरी, असा त्याचा होरा होता.

पण महारुद्र कंटाळेना. शिव्या देईना, आदळआपट करीना. हीच तर पंचाईत होती. तोंड टाकणाऱ्या माणसाला फसवायला काय लागतंय? हा बाबा मात्र प्रत्येक खोलीत जाऊन हळूच "सृष्टे" अशी हाक मारायचा आणि थोडं थांबायचा. ते ऐकलं की सिद्धोधन दुसरीकडं बघायचा.

दोघं लिंबाखाली टेकले. महारुद्रनं टोपी काढून घाम पुसला. डोकं गुळगुळीत, मिशीही सफाचट.

"हे काय ओ?"

"तिरुपतीला जाऊन आलो. ती सापडावी म्हणून."

मग त्यानं मांडीवरची बॅग उघडून दाखवली. आत एक कोरी हिरवी साडी, बांगड्या, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या.

"आईनं दिलंय. बायनाबाई म्हणजे लय कडक बाई, पण पोरगी गेल्यापासून अन्नाला शिवली न्हाई. म्हणली, माझ्याकडची साडी तिच्या अंगावर पडल्याबिगर मला झोप यायची न्हाई."

"ओटी भरायची?"

"हां," महारुद्र म्हणाला. "ओटी भरायची."

सिद्धोधनच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात ओटी, नारळ, मुंडण यातलं काहीच उरलं नव्हतं. पण शेजारपाजारी, लग्नकार्यात त्यानं बघितलं होतं. माहेरनं साडीचोळी केली की राग संपला, एवढं त्यालाही कळत होतं. बॅगेत चोळी काही दिसली नाही. विसरली असेल म्हातारी घाईत.

त्याच्या डोळ्यांपुढं सृष्टी आली. तिला दिवस गेले होते. परवा किराणा पोचवायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊजी, एकदा आईचा आवाज तरी ऐकवा की." त्या पडक्या खोलीत तिचं बाळंतपण कोण करणार होतं? पप्पू? की आपण? पण ठिकाण कुणालाच सांगणार नाही, असा शब्द त्यानं दोस्ताला दिला होता.

"तिला काय करणार न्हाई ना?" त्यानं विचारलं.

महारुद्र जराही दचकला नाही. "भाऊ हाय मी तिचा. जे काय करायचं ते रीतीनं करू."

सिद्धोधनला रडूच कोसळलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. पप्पू दिवसभर कामावर असतो, ती एकटीच असते, हेही सांगितलं.

महारुद्र बाजूला जाऊन फोनवर बोलला. "आबासाहेब, ठिकाण कळलं. तयारीला लागा."

"वडील का?" डोळे पुसत सिद्धोधन हसला. "आता हलगीच लावत्याल!"

"लावत्याल," महारुद्र म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली.

ताडकळसच्या अंगाला कालव्याची जुनी सरकारी वसाहत होती. क्वार्टरांची दारंखिडक्या लोकांनी कधीच काढून नेलेली, खोल्यांत बाभळी उगवलेल्या. एका खोलीपुढं मात्र अंगण सारवलेलं होतं, तारेवर धुणं वाळत होतं आणि दाराच्या जागी चादर लावलेली होती. सिद्धोधनचा जीव सुपाएवढा झाला.

"वहिनी! भायेर या, बघा कोण आलंय!"

चादर बाजूला करून सृष्टी आली. हात पिठाचे, पोट आता दिसू लागलेलं. भावाला बघताच ती "दादा!" म्हणत धावत सुटली.

महारुद्रनं टोपी काढली.

ती मध्येच थांबली. तिनं त्याचं डोकं बघितलं, मिशी नसलेला ओठ बघितला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा, कोण गेलं रे आपल्यातलं?" तिनं विचारलं. "आई?"

महारुद्रनं बॅगेतून हिरवी साडी काढली आणि तिची घडी मोडली.

"तू," तो म्हणाला.