सरकती खोली

"पप्पा, एकट्या माणसाला ही जास्तीची खोली कशाला?" प्रिस्किला फोनवर म्हणाली.

कॅरॅव्हॅनला, म्हणजे त्यांच्या राहत्या गाडीला, बटणावर बाहेर सरकणारी ती खोली स्टीफन सरांनी बायकोच्या हट्टाने करून घेतली होती. सुसाना जाऊन आता वर्ष झालं होतं. सरांना मुलीचं म्हणणं पटलं.

भर दुपारी खांडबाऱ्याबाहेर, सागाच्या सावलीत, त्यांनी खोली कायमची आत घ्यायची ठरवून गाडीतलं बटण दाबलं.

खोली वीतभर आत आली आणि थांबली. पुन्हा दाबलं, तरी तेच. खाली रुळांत काही अडकलं नव्हतं. आतला बाक रिकामा होता.

त्यांनी नारसिंग मेकॅनिकला फोन लावला.

"सर, मझार कोनी बठेल शे का? वजन ऱ्हायनं ते ती बंद होत नही."

"कोणी नाही रे. मी एकटाच आहे."

"मंग आखो एकडाव बटन दाबा."

सरांनी बटण दाबून धरलं. मोटार नुसती घुरघुरत राहिली. मग गाडीत त्यांच्या पायाशेजारची फळी हलकेच दबली, कोणीतरी खोलीतून या बाजूला पाऊल टाकावं तशी.

आणि खोली अलगद आत सरकून बंद झाली.