कंटाळ्याचा क्लास

सराव परीक्षा संपल्यावर देवणीकर सरांनी शलाकाच्या कपाळावरची, मेंदूला होणारा त्रास मोजणारी पट्टी सोडली आणि पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"गणिताचा गुणक परत खालीच. अजून मजा येतेय तुला."

"सॉरी सर. शेवटचं गणित इतकं सुंदर सुटलं, की..."

"तिथंच मार खातेस! शंभरात अठ्ठ्याण्णव, आणि स्केलिंग झालं की साठ. डोक्याला त्रास झाला नाही म्हणजे विषय तुला सोपा, आणि सोप्या विषयाला वजन नाही. पट्टी खोटं बोलत नाही."

शेजारी उभी असलेली आई दमलेल्या आवाजात म्हणाली, "सर, लहानपणापासून वेड आहे हो तिला गणिताचं."

"तेच घालवायचंय. रोज तीच ती गणितं द्या. सुटलं तरी शाबासकी देऊ नका."

आईने मन घट्ट केलं आणि वर्षभर तसंच केलं. आधी शलाका रडायची. मग रडायचीही थांबली, मुकाट्याने वह्या भरत राहिली.

निकाल लागला. गणिताला सगळ्यात जास्त गुणक मिळाला होता आणि शलाका राज्यात तिसरी आली होती.

आईने तिला जवळ घेतलं. "सातवीपासून हट्ट धरला होतास ना, त्याच गणिताच्या संस्थेत नंबर लागला बघ! आता पाच वर्षं नुसतं गणित. खूश ना?"

शलाकाने जांभई दाबली.

"आई, तिथे दुसरा कुठला विषय नाही का गं?"