वीतभर पाईप

अश्वजितनं बापाच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. त्याचं अर्धं लहानपण त्या वासात गेलं होतं.

गाडीची डिक्की उघडी होती. काल संध्याकाळी आतली छोटी टाकी त्यानं इथेनॉलनं काठोकाठ भरली होती. आज सकाळी ती चार बोटं खाली होती. गाडी न्यायला आलेला सचिन आधी टाकीकडं बघत होता, मग अश्वजितच्या बापाकडं, गुलाबकडं.

"गाडी राहिली बाजूले," सचिन म्हणाला, "काकाच चालू झाले इथेनॉलवर."

अश्वजितला हसू आलं नाही. कारध्याच्या पुलाजवळ, टिनाच्या या शेडमध्ये, त्यानं पंधरा दिवस त्या टर्बो गाडीत डोकं घालून काढले होते. इथेनॉल पेट्रोलहून जास्त जळतं, म्हणून मोठे इंजेक्टर आणि दमदार पंप. ते साधं रबर खातं, म्हणून नव्या जातीचे पाईप. शेवटी लॅपटॉप लावून इंजिनाला नवं शहाणपण. आसपास असं काम कोणी केलं नव्हतं. नागपुरात सचिनच्या चार मित्रांच्या गाड्या थांबल्या होत्या, सचिन काय सांगतो त्याची वाट बघत. त्याचा एक शब्द, की शेडचं गॅरेज झालं असतं. नाहीतर पुन्हा मोटारसायकलींचे पंक्चर होतेच.

गुलाब चिखल्याच्या खाणीत तीस वर्षं पंपांचा फिटर होता. जमिनीखालचं पाणी वर काढायचा आणि वर आला की दारूत बुडायचा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं विहारात पंचशील घेतलं आणि बाटली सोडली ती सोडली. तेव्हापासून पौर्णिमेची वंदना तोच सांगायचा. बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. आज पौर्णिमा होती. इथेनॉल म्हणजे शेवटी दारूच, असं म्हणून या पंधरा दिवसांत त्यानं डब्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"बाबा, तुमी पेले?"

गुलाबनं सचिनकडं पाहिलं. मग पोराकडं पाहिलं, जरा जास्त वेळ.

"पेलो," तो म्हणाला. "दोन घोट. बाकीची सांडली. हात कापत होते."

चहा घेऊन दारात आलेली अश्वजितची आई वच्छला तशीच माघारी फिरली. बशीतल्या कपाची किणकिण आतल्या खोलीपर्यंत ऐकू येत राहिली.

"ते जहर हाये, बाबा. गाडीतल्या दारूत विष मिसळतेत. आन् तेही नाई सोडलं तुमी." अश्वजितनं दुपट्टा जमिनीवर टाकला. "निंगा इथून. मले तोंड दाखवू नोका."

गुलाबनं वाकून दुपट्टा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि उन्हात चालता झाला.

"जाऊ दे ना यार," सचिन म्हणाला. "बुढ्याले झाला शौक. तू चाबी दे."

गाडी सुरू झाली ती वाघासारखी. पूल ओलांडून ती भंडाऱ्याकडं गेली, आणि दुपारी सचिनचा फोन आला. गाडी उडते म्हणे. चौघंही पुढच्या आठवड्यात येतात म्हणे.

त्या आनंदात अश्वजित शेड झाडायला लागला. गाडी उभी होती तिथं जमिनीवर परातीएवढा डाग होता. भंगाराच्या डब्यात, सगळ्यात वर, वीतभर काळा पाईप पडला होता, भिजलेल्या शेंगेसारखा फुगलेला. बोटानं दाबला तर त्याला चीर गेली.

तो डिक्कीतल्या टाकीखालचा पाईप होता. टाकी बसवली त्या दिवशी नवा पाईप हाताशी नव्हता, म्हणून त्यानं जुन्यातलाच तुकडा लावला होता. मग बदलू म्हणाला आणि विसरला.

त्यानं नव्या पाईपचं भेंडोळं काढलं. एक वीत कमी होतं. टोकाला काप सुरीनं घातल्यासारखा सरळ, जसा खाणीतला फिटर घालतो.

म्हणजे पहाटे बाप गाडीखाली आडवा झाला होता. गळणाऱ्या धारेला त्यानं दुपट्टा लावला होता आणि पाईप बदलला होता. मग सचिनसमोर पोराची चूक उघडी पडू नये म्हणून 'पेलो' म्हणाला होता.

अश्वजित तिथंच खाली बसला. आणखी एक गोष्ट त्याला आता सुचली. ते खरंच प्यायलेला माणूस दुपारपर्यंत दवाखान्यात असता. हे त्याला सकाळीही ठाऊक होतं. तरी त्यानं बापाला दवाखान्यात नेलं नव्हतं. आधी गाडी दिली होती.

संध्याकाळपर्यंत सचिननं सांगितलेली गोष्ट विहारात पोचली होती; वंदना सांगायला दुसराच कोणी बसला होता. गुलाब शेवटच्या रांगेत, भिंतीशी होता. अश्वजित त्याला चिकटून बसला.

"बाबा, मले समजलं. मी आत्ताच सांगतो सगळ्याइले."

"चूप बस. पुढं सचिनच्या राईस मिलातले दोघं बसले हायेत. घरी जायच्या आधी त्याले फोन करतीन. थ्या चार गाड्या येऊ दे."

"आन् तुमचं शील?"

"पाचवं नाई मोडलं मी." गुलाब समोर बघत म्हणाला. "चौथं मोडलं. खोटं बोललो. तेवढं आज म्हणता येणार नाई मले."

वंदना सुरू झाली. सगळ्यांचे हात जुळले. एकेक शील सगळ्यांच्या तोंडून वर चढत गेलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. गुलाबचे ओठ मिटलेले राहिले. पाचवं आलं, दारू न पिण्याचं. ते त्यानं सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. राईस मिलातले दोघं मागं वळले आणि हसले.

शेजारी बसलेल्या अश्वजितनं पाचही म्हटली.