जादा शब्द

"हे माझे कझिन ब्रदर," मानसिंगनं शेजारी बसलेल्या बाळासोच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

हिंदुरावमास्तरांच्या कपाळाला आठी पडली. सोलापुरात इंग्रजी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की त्यांना भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. तो काढून टाकल्याशिवाय घास उतरायचा नाही.

पण आज वच्छलाला बघायला पाहुणे आले होते. मुलगा, म्हणजे मानसिंग, कचेरीत कारकून, स्वभावानं शांत. वच्छलानं शेंगापोळीची ताटली पुढं केली तेव्हा त्यानं हळूच विचारलं होतं, "तुम्ही खाल्लीत का?" आजवर आलेल्यांपैकी कुणी तिला असं विचारलं नव्हतं. आत जाताना लेकीच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मास्तरांनी पाहिलं होतं.

त्यांनी चहाचा घोट घेतला. खडा काही गेला नाही.

"नुसतं कझिन म्हणावं," ते म्हणाले. "ब्रदर जादा आहे. काढून टाका."

मानसिंगचा हात खांद्यावरच राहिला. "मास्तर, मला आईबाप आठवत नाहीत. साथीत गेले. ह्यांनी स्वतः शाळा सोडली, नातेपुत्याची शेती कसली आणि मला शिकवलं."

"ते आहेच हो. मी शब्दाबद्दल बोलतोय. शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी अशी चूक—"

मानसिंग उठला. "दादा, चला."

बाळासो गडबडून उभा राहिला. पटका सावरत त्यानं विचारलं, "काय म्हनलं रं मास्तर?"

"काही नाही. उशीर झाला."

टांगा बाहेरच उभा होता. मानसिंग चढून बसला. बाळासो मात्र फाटकापाशी जाऊन परत फिरला आणि उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला.

"मास्तर, मला विंग्रजी कळत न्हाय. पर माझ्यावरनं बिनसलं, एवढं कळलं. मी अडाणी मानूस. लग्नात कुटंतरी मागं बसंन. न्हायतर येत बी न्हाय. पोरगी लई गुणाची हाय. मोडू नका."

मास्तर उठून दाराकडं आले.

आतून वच्छला आली. खाली वाकून तिनं बाळासोच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे भरून आले.

"दादा!" टांग्यातून हाक आली. ती ऐकून बाळासो निघाला.

मास्तर अनवाणीच फाटकापर्यंत धावले. "अहो, थांबा!" पण घोडा चालू लागला होता. मानसिंगनं मागं वळून पाहिलं नाही.

ते घरात आले तेव्हा वच्छला ताटल्या गोळा करत होती.

"मी फक्त शब्द दुरुस्त केला, वच्छे."

"व्हय, अण्णा."

या घरात 'व्हय' कधी चालत नसे. ती सवयीनं क्षणभर उभी राहिली, दुरुस्तीची वाट पाहत. मास्तरांनी मान खाली घातली. मग ती ताटल्या घेऊन आत गेली.