साखर पाव केली तेव्हा

चुन्याने सोलवटलेले हात पदराखाली घेऊन सगुणाक्का माझ्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या. त्यांच्या कातडी कमावायच्या हौदाजवळची माती मी दोन वर्षांपूर्वी आणली होती. तिच्यातल्या जिवाणूंचं एन्झाइम चुन्याशिवाय कातड्यावरचे केस काढेल, असा शब्दही देऊन बसले होते.

"जिवाणू वाढतात हो, पण एन्झाइमच सोडत नाहीत," मी गढूळ फ्लास्क दाखवला. "तापमान बदललं, हवा वाढवली. साखर तर दर वेळी जास्त घालतेय."

"मग कशाला राबतील?" त्या म्हणाल्या. "आयतं मिळालं की आमचं मालकबी हौदाकडं फिरकत न्हाईत."

मला रागच आला, कारण त्यांचं बरोबर होतं. हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. तरी वाढ छान दिसते म्हणून साखर ओतत राहिले.

त्या गेल्यावर नव्या फ्लास्कमध्ये साखर पाव केली आणि एन्झाइम सोडल्याशिवाय पचणार नाही अशी सोयापेंड घातली. तिसऱ्या दिवशी त्यातला थेंब दूध घातलेल्या प्लेटवर ठेवला. संध्याकाळी त्याच्याभोवतीचं पांढरं दूध जिरून काचेसारखं गोल कडं उमटलं होतं; एन्झाइम सुटलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगणात, दिवसभर एन्झाइममध्ये भिजवलेलं कातडं मी धुऊन समोर पसरलं. सवयीने अक्कांनी दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. क्षणभर थांबून त्यांनी उजवी चिंधी सोडली आणि उघडा अंगठा कातड्यावरून लोटला. केस ओल्या कापसासारखे गोळा होऊन आले.

"जळत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या आणि दुसरी चिंधी सोडायला लागल्या.