कलेजीचा घास

“आधी बोलायचं, मग खायचं. विसरणार नाहीस ना, आई?”

अयाना शेगडीपाशी उभी राहून स्वतःपुरतं मसूर-भोपळ्याचं सूप ढवळत होती. शेजारच्या मोठ्या पातेल्यातली कलेजी आणि मेंढ्याच्या शेपटाची चरबी तिच्या आईनं, गुलजमालनं, पातळ कापून ताटात रचली होती, आणि आता ती वरून आंबट ताक ओतत होती.

“सांगते म्हटलं ना! सकाळपासून कान किटले माझे. महिनाभर हे सोंग चाललंय. मांस नको, दूध नको, लोणी नको. चहासुद्धा काळा! व्याह्यांना काय सांगू, माझी पोर बकरी झालीय?”

“तसं सांग. पण सांग. त्या घरात माझ्या तोंडात कुणी काही कोंबायचं नाही, बास. दुसरं काही मागितलंय का मी?”

खरंच, काहीच मागितलं नव्हतं पोरीनं. ना फरचा कोट, ना सोनं. गुलजमालला एकदम भरून आलं. “घास तोंडाशी यायच्या आत सांगेन,” ती म्हणाली, आणि तेव्हा ती मनापासून म्हणाली.

ताटातला घास काही साधा नव्हता. कझाखांत दोन्हीकडच्या व्याह्यांनी तो एकमेकांना भरवला की सोयरीक पक्की. पुढे कुणी मागे फिरायला लागलं, तर म्हातारी माणसं दुसरं काही ऐकून घेत नाहीत. एवढंच विचारतात, ‘शेपूट-कलेजी खाल्ली होती की नाही?’ खाल्ली असेल तर विषय संपला.

बाहेरच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीनं बसले होते. मुलाच्या आईनं, राबिगानं, अयानाच्या कानांत झुमके घातले. तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग गुलजमालच्या खांद्यावर मखमली अंगरखा चढवला. असा अंगरखा गुलजमालच्या अंगावर आयुष्यात कधी पडला नव्हता. ती सांगायला गेली, तेवढ्यात मुलाच्या म्हाताऱ्या मामांनी आशीर्वादाला हात वर केले. ती पुन्हा तोंड उघडणार, तर कुणीतरी गाणं धरलं. आता दुधात मिठाचा खडा कशाला टाकायचा? सांगू की, पळून का जातंय, असं म्हणत ती बसून राहिली.

“उघडा तोंड, विहीणबाई!”

राबिगाच्या चिमटीतला घास ओठांना लागला. गरम, मऊ, चरबीनं ओथंबलेला. गुलजमालनं तो गिळला. खोटं कशाला बोला, फार चवदार होता. दुसऱ्यासाठी तिनं आपणहून तोंड पुढे केलं. मग तिनं राबिगाला भरवलं, ताटातलं ताक रीतीप्रमाणे एकमेकींच्या गालांना फासून झालं, हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दारात उभी असलेली अयाना तेवढी हसत नव्हती.

तेव्हा कुठे गुलजमालला आठवलं. “विहीणबाई, एक सांगायचं राहिलंच,” ती घाईघाईनं म्हणाली. “आमची अयाना मांस खात नाही. दूधही घेत नाही. तिला तुम्ही... म्हणजे, जबरदस्ती करू नका.”

गाणं थांबलं. नवरा मुलगा येरझान आपल्या चहाच्या वाटीत बघायला लागला. त्याला सगळं ठाऊक होतं. अयानाच्या हातचं सूप पिऊन त्यानं दोनदा वाहवा केली होती.

राबिगा रागावली नाही. चांगलं गोड हसली.

“मांस खाण्यात पहिला लांडगा आणि दुसरा कझाख, म्हणतात. आमच्या घरात तिसरं कुणी नाही हो.” खोलीत हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती थांबली. “आणि विहीणबाई, अशी गोष्ट घासाच्या आधी सांगायची. घासानंतर सांगायला काय उरतं? खाल्लंत ना तुम्ही?”

“खाल्लं.”

“आवडलं?”

“आवडलं,” गुलजमाल म्हणाली.

“मग झालं तर. ये गं सूनबाई, अशी समोर बस.”

अयाना येऊन बसली. राबिगानं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं ताटातला मोठ्यात मोठा तुकडा उचलला. अयानानं ओठ घट्ट मिटले. तिनं येरझानकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं.

बोल, बोल काहीतरी, गुलजमाल स्वतःला म्हणत होती. अंगरखा फेक आणि ऊठ. पण सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या तोंडात अजून कलेजीची चव होती. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“खा गं बाळा. एकच घास. पाहुण्यांसमोर शोभा नको.”

अयानानं तोंड उघडलं.

ती गिळेपर्यंत राबिगानं हनुवटी सोडली नाही. गिळल्यावर जबडा उघडून आत बघितलं, घोडीचे दात बघतात तसं. “बघा, आजार पळाला!” मामा ओरडले. टाळ्या पडल्या. येरझाननंही वाजवल्या. राबिगानं दुधाळ चहाची वाटी भरून सुनेच्या हातात दिली, आणि अयानानं ती रिकामी केली.

मग ती उठली, हात पुसायला गुडघ्यांवर पसरलेला टॉवेल घेऊन आईपाशी आली. कानातले झुमके हलत होते. गुलजमालला वाटलं, आता रडेल, निदान भांडेल तरी. तिनं पोरीचा हात धरायला हात पुढे केला.

अयानानं त्या हातात टॉवेल ठेवला.

“हनुवटी पूस, आई,” ती म्हणाली. “चरबी लागलीय.”