काचेतला समुद्र

पोवळं आणखी पांढरं पडलं होतं. मनुबाईनं नाक काचेला टेकवून पाहिलं. एरवी दुपार झाली की त्या दगडावर बारीक तपकिरी फुलं उमलायची. आज एकही उमललं नव्हतं. तळाशी शेवटची गोगलगाय उलटी पडली होती. मासे मात्र मजेत फिरत होते. हेच कोडं तिला सुटत नव्हतं. पाणी बिघडलं असतं, तर मासेही मरायला हवे होते.

ही पेटी कृष्णातची, तिच्या नवऱ्याची. तो मालवाहू जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना लोक साड्या आणतात, घड्याळं आणतात. या पठ्ठ्यानं मिरजेत समुद्र आणला. काचेची पेटी, हवेचा पंप आणि रत्नागिरीच्या खडकावरचं जिवंत पोवळं. गेल्या पावसाळ्यात त्याचं जहाज बुडालं. देह मिळाला नाही. त्याचं म्हणून जिवंत राहिलं ते एवढंच. म्हणून मनुबाई हट्टाला पेटली होती.

तिनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मासळीच्या ट्रकवाल्याकडून ताजं खारं पाणी मागवलं. दुधातलं पाणी पकडायची काचनळी डेअरीतून मागून आणली आणि तिनं खारटपणा मोजला. पंप धुतला. ऊन अडवायला खिडकीला गोणपाट लावलं. प्रत्येक वेळी पोवळं जरा सावरायचं आणि आठवड्याभरात पुन्हा मान टाकायचं.

सल्ले द्यायला भावकी होतीच. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? दीर नानासो तर कवठे महांकाळहून आला की सांगायचा, मिरजेत कुठं समुद्र जगत असतो का. ओतून टाक आणि पेटीत कोंबडीची पिल्लं ठेव. काल त्यानं खरंच पेटीला हात घातला, तेव्हा मनुबाई आडवी उभी राहिली.

"त्यो गेला तवा मला काय बी करता आलं न्हाई, भावजी," ती म्हणाली. "पर ह्ये मी मरू द्यायची न्हाई."

नानासो एसटी धरून गेला. सासू चंद्राबाई तिथंच बसली होती. लेकाची बातमी आल्यापासून ती इथंच राहायला आली होती आणि तिचं बोलणंच सरलं होतं.

आज मनुबाईनं बाही वर सारून पोवळ्याचा दगडच उचलला. खालच्या वाळूत बोटांना काहीतरी चपटं लागलं. तिनं ते वर काढलं. जुना ढब्बू पैसा, तांब्याचा, हिरवा पडलेला. मग आणखी एक निघाला. मग ओंजळभर.

तिला सगळं एकदम उमगलं आणि रडू आलं. मासे तांबं थोडंफार सोसतात, पोवळ्याला आणि गोगलगाईला ते विषच. कृष्णात तर पाण्याचा तांब्यासुद्धा पेटीजवळ येऊ देत नसे. पण सासूची सवय जुनी. जोतिबाला जाताना एसटी कृष्णेच्या पुलावर आली की ती हात जोडायची आणि खिडकीतून नदीला पैसा वाहायची. म्हातारी बिचारी या समुद्रालाही पैसे वाहत होती, लेक परत दे म्हणून. तिची भक्तीच पोवळ्याच्या जिवावर उठली होती.

चंद्राबाई दाराशी ज्वारी निवडत होती. मनुबाईनं ते ओले पैसे तिच्यासमोर ठेवले. रागवायचं तिच्या मनातही आलं नाही.

"आत्या, तुमी चांगल्या मनानं वाहिलं आसंल. पर तांबं ह्याला इख हाय."

"ठावं हाय मला," चंद्राबाई सुपातली नजर न काढता म्हणाली. "कृष्णातानं माझ्या देखतच सांगितलं व्हतं."

"मग?"

चंद्राबाईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"ज्यानं माझं लेकरू गिळलं, त्यो लय मोठा हाय, मने. तितवर माझा हात पोचत न्हाई. ह्याच्यापातूर पोचतोय."